अकरा पत्रे

ता. २२ मे

ती. सौ. वहिनीस,
ठकूचा सा. न. वि. वि.

कागद बघून दादा म्हणेल, फोन असताना हिला लिहायचं कुठून सुचलं. पण आपल्या गावात फोन लागायला टेकाडावर चढावं लागतं, आणि तिथे अर्धा गाव कान टवकारून उभा. तुझ्याशी बोलायचं ते साऱ्या गावाशी कशाला बोलू?

बातमी अशी की, मला बँकेने ग्रामीण विभागात घेतलं. जिन्याखाली टेबल मिळालंय. वरून साहेब उतरले की माझ्या वहीवर धूळ पडते. पण टेबल माझं आहे, तीन खणांचं, आणि चावीही माझ्याकडे. वर्षाअखेरपर्यंत चाळीस गट उभे करायचेत आणि प्रत्येक घरात निदान एक खातं उघडायचंय. पहिलं गाव कुठलं घेणार, असं साहेबांनी विचारलं. मी आपलं गाव सांगून मोकळी झाले.

तुला गटाची प्रमुख व्हायचंय. नाही म्हणू नकोस. पाच बायकांचा गट असतो, प्रत्येकीला तीस हजारांचं कर्ज, दर मंगळवारी सातशेचा हप्ता, पन्नास आठवडे. जमीन नको, दागिना नको, सावकाराच्या पायरीवर बसणं नको. पाच जणींनी फक्त एकमेकींना जामीन राहायचं. एक अडली तर चौघींनी तिचा हप्ता भरायचा. साहेब म्हणतात, बायका एकमेकींना बुडू देत नाहीत, हेच आपलं तारण. मला ते फार आवडलं. तुला मोटरवालं शिवणयंत्र हवंय ना? मग चार जणी शोध.

२ जूनला अंगठ्याचं यंत्र घेऊन येते. दादाला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, जास्त मागितली तर तू व्याज लावशील.

तुझी,
ठकू

ता. २० जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि मागे गावभर तुझंच कौतुक. वेणी घालताना रडून घर डोक्यावर घेणारी पोर आता बायकांना सही शिकवते, म्हणून मीही दोन दिवस मिरवून घेतलं.

शाळेच्या ओसरीतली ती रांग काही डोळ्यापुढून जात नाही. दिवस मावळायच्या आत त्रेचाळीस खाती! तुझी मान वर होत नव्हती. नाव, अंगठा, पुढची. नाव, अंगठा, पुढची. अंडीवालीच्या सासूचा अंगठा काही केल्या उमटेना, तेव्हा तू तेल लावलंस, पुसलंस, चौथ्या वेळी यंत्र पावलं. ती बहिरी, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या गावाशी. खात्यात किती आहेत, असं तिने विचारलं आणि तू शून्य म्हणून ओरडलीस. आता ती भेटेल त्याला सांगते की बँकेत माझं शून्य आहे, ते काढायला कधी जायचं ते तेवढं कळवा.

गट जमला. मी, गिरणीवाली, शेळीवाली, दोरवाली आणि अंडीवाली. अंडीवालीने एकशे ऐंशी कोंबड्या घेतल्या. नवरा गेल्यापासून ती बाई मान वर करून चालली नव्हती, आता पहाटे कोंबड्यांशी भांडताना तिचा आवाज आमच्या दारापर्यंत येतो. माझं यंत्र आलं. पायाला सवय अशी की मोटर चालू असूनही पाय हलतोच.

पहिला मंगळवार छान झाला. वसुलीला तुमचा तो चष्मेवाला आला, मोजून घेतले, सह्या केल्या, चहा प्यायला आणि गेला. सगळ्यांचे हप्ते आल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा नियम त्याने वाचून दाखवला. आम्ही हसलो. इतक्या लवकर उठायचं कुणाला होतं?

जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळून ठेव.

तुझी,
वहिनी

ता. १७ सप्टेंबर

चि. ठकूस, अ. आ.

वाईट बातमी आहे. शेजारच्या गावात कोंबड्यांचा रोग निघाला. शुक्रवारी पांढरे कपडे घातलेली, तोंड झाकलेली माणसं आली. आजारी असो नसो, आपल्या गावातली एकही कोंबडी ठेवायची नाही असा हुकूम होता. अंडीवालीच्या एकशे ऐंशी पक्ष्यांपैकी एकाला साधी शिंकही नव्हती. तिने तसं सांगून पाहिलं, दोन कोंबड्या उचलून त्यांच्या तोंडापुढे धरल्या. परसात खड्डा खणला, वरून चुना टाकला. सगळं तासाभरात आटोपलं. मोजणी मात्र तिच्याकडून करून घेतली, कारण भरपाईच्या चिठ्ठीवर आकडा हवा होता.

चिठ्ठीवर सत्तावीस हजार लिहिलेत. महिन्याभरात खात्यात जमा होतील म्हणाले. आजचा तिचा हप्ता आम्ही चौघींनी एकशे पंचाहत्तर प्रत्येकी काढून भरला. मागावंही लागलं नाही. गिरणीवालीने तर सर्वांत आधी पदराची गाठ सोडली. तुझ्या साहेबांना सांग, म्हणावं तुमचं तारण पक्कं आहे.

खाणंपिणं नीट ठेव. आमची आठवण ठेवतेस तेवढी पुरे.

तुझी,
वहिनी

ता. ३० सप्टेंबर

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

अंडीवाली काकूंना माझा निरोप सांग, भरपाई आली की सगळं सुरळीत होईल. तुझं ते पत्र मी साहेबांना दाखवलं. त्यांनी दुसऱ्या गटांच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझे सव्वीस गट झाले. रोज तीन गावं. बुटाचे तळवे गेले, पण पाय आहेत. शंभर टक्के वसुली असलेल्या गटांना दुसरं कर्ज दुप्पट मिळतं, हे लक्षात ठेव. तुझ्या गणवेशांच्या कामाला ते उपयोगी पडेल. तोवर तुम्ही भरताय तसंच भरत राहा.

रागावणं आणि लाड, दोन्ही चालू ठेव.

तुझी,
ठकू

ता. १५ नोव्हेंबर

चि. ठकूस, अ. आ.

स्पष्टच लिहिते. नऊ आठवडे झाले, अंडीवालीचा हप्ता आम्ही भरतोय. भरपाईचा पत्ता नाही. ती दर चार दिवसांनी बसने जनावरांच्या दवाखान्यात जाते आणि पैसे पाठवले आहेत, बँकेत बघा असं ऐकून परत येते. बँकेचं यंत्र घेऊन येणारा माणूस तिचा अंगठा घेतो आणि शून्य सांगतो. गाडीभाडंच किती झालं असेल.

मंगळवारची बैठक दुपारी बारापर्यंत चालली. दोरवालीकडे पैसे नव्हते. चष्मेवाला भिंतीला टेकून बसला, म्हणाला मला घाई नाही. घरोघरी चुली थंड, पोरं शाळेतून येऊन दारात उभी, आणि आम्ही पाच बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. शेवटी शेळीवालीने एक करडू विकलं. त्यावर गिरणीवाली फटकळपणे बोलून गेली की कोंबड्या हिच्या मेल्या आणि पिसं आमची उपटली जातायत. अंडीवालीने ऐकलं. खाली बघत राहिली. आणि खरं सांगू, माझ्याही मनात तेच होतं.

शाळेकडून दोनशे गणवेशांचं काम मिळतंय, पण कापड आधी मला घ्यावं लागेल. दुसऱ्या कर्जाशिवाय ते होणार नाही, आणि हिचं थकलेलं असेपर्यंत आम्हा कुणालाच दुसरं कर्ज नाही. तू बँकेत आहेस. त्या भरपाईचं काय झालं, एवढं एकदा विचारून बघ. एवढंच मागते.

तुझी,
वहिनी

ता. २१ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. भरपाईचं काम पशुखात्याचं, ते आमच्याकडे येत नाही. काकूंनी तिथेच पाठपुरावा करावा. मलाही सवड काढून बघता येईल, पण वर्षाअखेर आहे, छत्तीस गट झालेत आणि उरलेले चार गट दिसत नाहीत.

एक आतली गोष्ट सांगते, कुणाला बोलू नकोस. एक गट फुटला की आसपासचे सगळे फुटतात, असं साहेबांचं म्हणणं आहे. त्यांनी काल मला वर बोलावून तुझ्याच गटाचं विचारलं. घरचा गट म्हणून मी गप्प बसते की काय, असा त्यांचा सूर होता. तू प्रमुख आहेस, जरा घट्ट धर. बँक कुणाच्या दारात जाऊन बसत नाही, पण तुम्ही गावातल्या बायका, आपापसात काय करायचं ते तुम्हाला कळतं.

मला समजून घे.

तुझी,
ठकू

ता. १२ डिसेंबर

चि. ठकूस, अ. आ.

अंडीवालीचा प्रश्न मिटल्यासारखा आहे. तिने गटाकडे तारण ठेवलंय. तुझ्या साहेबांना कळव. मंगळवारची वसुली पूर्ण झाली.

थंडी फार आहे. बाकी ठीक.

तुझी,
वहिनी

ता. १८ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

वाचून हायसं वाटलं! मला माहीत होतं, तू मनावर घेतलंस की होणारच. चाळीस गट पूर्ण झाले. जानेवारीत तुमच्या गटाला प्रमाणपत्र मिळणार आहे, फोटोसह. पाचही जणी चांगल्या साड्या नेसून या, आणि दादाला सांग, त्या दिवशी तरी हात धुऊन ये, ग्रीसचे ठसे प्रमाणपत्रावर नकोत.

पत्र इतकं छोटं का? रागावलीस? राग असेल तर तोही सविस्तर लिही.

तुझी,
ठकू

ता. ४ जानेवारी

चि. ठकू,
आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. गॅरेजच्या बिलापलीकडे माझी लेखणी चालत नाही. पण तुझी वहिनी हे लिहिणार नाही, म्हणून मी बसलो.

१० डिसेंबरच्या मंगळवारी अंडीवाली बैठकीला आलीच नाही. बाकीच्या चौघी दुपारपर्यंत बसल्या. चष्मेवाला हलेना. मग त्या तिच्या घरी गेल्या. सगळ्यांत आधी उठली ती तुझी वहिनी. अंडीवालीने भरपाईची चिठ्ठी काढून दाखवली. गिरणीवाली म्हणाली, ही चिठ्ठी आता चाटून आम्ही पोट भरावं का. घरात विकण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा तुझी वहिनी म्हणाली की छपराचे पत्रे काढून ठेवू, पैसे आले की परत देऊ.

पाना मागायला ती माझ्याकडे आली. पाना नाही असं मी म्हणू शकलो असतो. मी दिला. बोल्ट गंजलेले होते, बायकांना निघेनात, म्हणून शिडीवर मीच चढलो. अकरा पत्रे. म्हातारी खाली खाटेवर पडलेली. तिला ऐकू येत नाही, कुणी काही सांगितलंही नाही. तिला वाटलं आम्ही नवे पत्रे टाकतोय. वर बघून मला म्हणाली, बरं केलंस बाबा, फार दिवस गळत होतं. मी तसाच बोल्ट फिरवत राहिलो.

ते पत्रे विकत घ्यायला कुणी आलं नाही. जुने, भोकं पडलेले. आमच्या मागच्या भिंतीला उभे करून ठेवले होते. सकाळी त्यांच्यावरून दव ओघळायचं आणि तुझी वहिनी परसात जायचं टाळायची. अंडीवालीचे हप्ते त्या चौघीच भरत होत्या. म्हणजे पत्रे काढून एक पैसाही सुटला नाही.

अंडीवालीने घरावर प्लास्टिक ताणलं होतं. म्हातारीला खोकला लागला, मग ताप. ३० तारखेला मी तिला गाडीवर माझ्या आणि अंडीवालीच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय, उशीर केलात. परवा ती गेली.

त्याच दुपारी मी पत्रे परत नेऊन बसवले. शिडी धरायला कुणी नव्हतं. अंडीवालीने धरली.

तुझी वहिनी दोन दिवस जेवलेली नाही. मी तिला बोल लावत नाही, कारण हात माझे होते. तुलाही लावत नाही. पण तुझी पत्रं मी वाचली आहेत.

दादा

ता. ९ जानेवारी

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं त्याच दिवशी मी पशुखात्यात गेले. कारकुनाने रजिस्टर उलटलं. पाच मिनिटं लागली. सत्तावीस हजार २२ ऑक्टोबरला पाठवले होते आणि आमच्याच बँकेने ते परत केले होते. चिठ्ठीवर काकूंचं कागदोपत्री नाव आहे, माहेरचं. खात्यावर सासरचं. दोन्ही जुळली नाहीत की यंत्र पैसे घेत नाही. खातं मी उघडलं होतं, वहिनी. मी त्यांचा कागद बघितलाच नाही. गाव ज्या नावाने हाक मारतो ते लिहिलं आणि पुढची म्हटलं.

परत गेलेल्या रकमांची यादी शाखेत येते. ती माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात होती, ऑक्टोबरपासून. मिळाली म्हणून वर माझी सही आहे. काकूंचं नाव नववं. तू नोव्हेंबरात विचारलंस तेव्हा खण उघडायला मला उठावंही लागलं नसतं.

दुरुस्तीला एका ओळीचा अर्ज लागला. पैसे आठवड्यात जमा होतील. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक यंत्रणेची आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. प्रमाणपत्राचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच आहे. मी येणार नाही असं सांगितलंय. नोकरीचं अजून ठरवलेलं नाही. ठरवायचं धैर्य नाही असं म्हण.

सोबत काकूंसाठी चिठ्ठी आहे. त्यांना वाचता येत नाही. तूच वाचून दाखव. हे मागायचा हक्क मला नाही, पण दुसरं कोण आहे?

ठकू

(सोबतची चिठ्ठी)

काकू, नमस्कार. तुमची भरपाई २२ ऑक्टोबरलाच आली होती. खात्यावर तुमचं नाव मी चुकीचं लिहिलं म्हणून ती परत गेली. परत गेल्याचा कागद माझ्याकडे पडून होता. मी तो वाचला नाही. वहिनीने मला विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हता. हे मी लिहून देते, म्हणजे कुणालाही दाखवता येईल. आजींचा अंगठा मी धरला होता, तो अजून हाताला आठवतो. क्षमा मागत नाही, ती कुठल्या तोंडाने मागू?

ता. २२ जानेवारी

ठकू,

चिठ्ठी वाचून दाखवली. तुला वाटलं असेल तशी ती रडली नाही, मला बोललीही नाही. दारात बसून दुसऱ्यांचे कांदे निवडत होती, रोजाने. हात थांबले नाहीत. वाचून झाल्यावर तिने तारीख पुन्हा वाचायला सांगितली. मी २२ ऑक्टोबर वाचलं. मग पत्रे कधी काढले ते तिने मला विचारलं. मी १० डिसेंबर सांगितलं. तिने बोटांवर आठवडे मोजले. सात झाले. मग चिठ्ठी मागून घेतली, घडी करून कमरेला खोचली आणि पुन्हा कांदे निवडू लागली.

मी तिथे उभी होते. काहीतरी बोलायला गेले की माझ्याही नकळत झालं, की आम्हीही पोटापाण्याचे, की तुझी पत्रं यायची. तिने ते होऊ दिलं नाही. म्हणाली, पाना आणायला कोण गेलं ते मला दिसत होतं.

पैसे शुक्रवारी जमा झाले. काल मंगळवार. ती बैठकीला आली. आमच्या चौघींचे भरलेले बारा हजार सहाशे आधी ठेवले, प्रत्येकीपुढे वेगळे. मग उरलेले एकोणीस हप्ते एकदम भरले. चष्मेवाल्याने दोनदा मोजले. तिच्याकडे अकराशे उरले. गिरणीवालीने आपले पैसे परत करायला हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. पावती घेऊन ती उठली. तिच्यामागोमाग कुणी उठलं नाही.

चष्मेवाल्याने लगेच दुसऱ्या कर्जाचे फॉर्म वाटले. गट शंभर टक्के झाला ना! दोरवालीने, शेळीवालीने सही केली. त्यांना मी काय म्हणू, त्यांना गरज आहे. गणवेशांचं काम दुसऱ्या गावच्या शिंप्याला गेलं. मी प्रमुखपद सोडलं. तुझ्या दादाने पाना विहिरीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा आणला, कारण धंदा आहे.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, मी जेवते. नोकरी सोडायची की नाही, ते मला विचारू नकोस. सोडलीस म्हणून तिसरा खण रिकामा होणार नाही, दुसरं कुणी तिथे बसेल. बसायचंच असेल तर खण रोज उघड.

आज सकाळी अंडीवाली स्वतः आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. तुला लिहायचं आहे म्हणाली आणि मी लिहावं असं म्हणाली. तिने सांगितलं तसं लिहिते.

ठकू, पैसे मिळाले. मला माझं खातं बंद करायचं आहे. कुठले कागद लागतात ते सगळे एकदम कळव. मी एकदाच येईन, दोनदा यायला गाडीभाडं नाही. नाव कुठलं सांगायचं तेही लिही. आणि सासूबाईंचं खातं तू उघडलं होतंस. माणूस गेल्यावर ते आपोआप बंद होतं की त्यालाही कुणी यावं लागतं? त्यात काही नाही ते मला माहीत आहे. पण त्यांचं नाव तिथे आहे. ते मला काढून न्यायचं आहे.

खालचा अंगठा तिचा आहे.

वहिनी